कुंकवाची आणि हळदीची काडतुसं

पैनगंगेपासून प्राणहितेपर्यंत माझ्या मोठ्या आत्याइतकी बंदूक कळलेली बाई झाली नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. वाघ मारलेली, निदान मारल्याचं सांगणारी माणसं आमच्या आदिलाबादेत पुष्कळ होती. पण नळीत काडतूस फुटतं त्या क्षणी बंदुकीच्या पोटात काय होतं, कुठल्या खिळ्यावर किती जोर येतो आणि तो खिळा किती दिवस टिकेल, हे भाकरी थापता थापता सांगणारी आत्या एकटीच. तिचे यजमान निजामाच्या जंगल खात्यात उटनूरला अंमलदार होते. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाकडून त्यांनी एक दांड्याची रायफल घेतली होती. बंदुकीच्या पोटाखालचा दांडा पुढे ढकलला की रिकामं टरफल उडून बाहेर पडे, मागे ओढला की नवं काडतूस नळीत जाई. विलायती काडतुसं मिळायला महिनोन् महिने लागत, म्हणून ते रिकामी टरफलं घरीच पुन्हा भरत. पण हिवतापानं त्यांचे हात कापायचे, आणि कापत्या हातांनी दारू तोलता येत नाही. ते काम आत्याकडे आलं. पुढे तो हिवताप त्यांना घेऊन गेला, आणि आत्या त्यांच्या आदिलाबादच्या घरी राहायला आली ती रायफल, शिसं ओतायचा साचा आणि सोनाराचा एक लहान तराजू घेऊन. दागिन्यांची पेटी मागाहून बैलगाडीनं आली.

मला आदिलाबादच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी तिच्याकडेच राहायला गेलो. त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारली नाही. मी 'मास्तर' झालो. घराचे नियम तिनं उंबऱ्यातच सांगितले. काडतुसं भरायच्या दिवशी चूल पेटणार नाही, देवापुढे दिवा लागणार नाही, विडी ओढणारा माणूस अंगणाच्या आत येणार नाही, आणि तराजू हातात असताना कुणी शिंकणार नाही. शिंक आलीच तर विहिरीपाशी जाऊन यायचं. त्या दिवशी आम्ही आदल्या दिवशीच्या दशम्या आणि तिळाची चटणी खायचो. आमच्या घरातून धूर निघाला नाही की शेजारणी आपापल्या पोरांना घरात बोलावून घेत.

मला सांगून आलेल्या पहिल्याच मुलीचे वडील नेमके अशा दिवशी जैनथहून आले. कापूस विकायला आले होते, जाता जाता मुलगा बघून जाऊ म्हणाले. बरोबर चार भारदस्त माणसं. आत्या तराजू हातात धरूनच दारात आली.

"बसा," ती म्हणाली. "पन चहा न्हाई भेटनार. आज घरात दारू हाय."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकानं जपून विचारलं, "रोजच राह्यते का, बाई?"

"रोज कुठची? महिन्या-दोन महिन्यातून एखांद्या बारीनं. पन एकदा बसली का मंग दिवसभर उठत न्हाई मी."

पाहुणे उठले ते थेट बैलगाडीत जाऊन बसले. पुढे आमच्या पोस्टमास्तरांनी ती दारू बंदुकीची असा खुलासा केला तेव्हा लग्न जमलं. माझे सासरे पुढे आयुष्यभर प्रत्येक पंगतीत ही गोष्ट सांगत, आणि प्रत्येक वेळी स्वतःचा थोडा मोठेपणा त्यात मिसळत.

आत्याच्या या विद्येला कान देणारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विरोध करणारा, एकच माणूस होता. तिच्या यजमानांचे मित्र, किनवटच्या अलीकडच्या एका गावचे देशमुख. तेव्हा किनवट आमच्याच जिल्ह्यात. कापूस घरात आला, ज्वारी हुरड्याला आली आणि रानडुकरं शेतात उतरू लागली की देशमुख सकाळच्या गाडीनं यायचे. अंगात कोट, डोक्याला रुमाल, खांद्यावर कापडात गुंडाळलेली रायफल. तीही दांड्याचीच, पण आत्याच्या रायफलीपेक्षा एक पिढी जुनी, देशमुखांच्या वडिलांची. दोन्हींना काडतूस एकाच मापाचं लागे, आणि सगळं भांडण तिथूनच सुरू होई. आत्याचं म्हणणं असं, की काडतूस एकाच मापाचं असलं तरी बंदुकांची ताकद एक नाही. तिच्या रायफलीत दांडा बंद केला की दोन जाड अडसर खालून वर सरकत आणि स्फोटाचा सगळा धक्का छातीवर घेत. देशमुखांच्या रायफलीत अडसर नव्हतेच. आत गुडघ्यासारखा एक सांधा होता, तो सरळ झाला की बंदूक बंद.

"भाऊजी, हा माहा गुडघा पाहा," असं म्हणून आत्या भर माजघरात उभी राहून पाय ताठ करून दाखवी. "सरळ हाय तवर मनभर वजन पेलते. जरासा वाकला का मी बसलीच खाली. तुमच्या बंदुकीचं तसंच हाय. तिले नरम काडतूस पाहिजे."

"वैनी, माह्या बंदुकीले तुमी म्हातारी समजून राह्यल्या का?" देशमुख रुमाल काढून मांडीवर आपटत. "माह्या बापानं तिच्यानं अस्वल पाडलं होतं!"

"अस्वल पाडलं असंल. पन नरम काडतुसानं पाडलं."

असा हा वाद दिवसभर चाले आणि मला वाटतं दोघंही वर्षभर त्याची वाट पाहत. आत्या त्यांच्यासाठी वेगळी काडतुसं भरून ठेवी. स्वतःच्या रायफलीसाठी बिनधुराची दारू चांगली कडक भरलेली, देशमुखांसाठी हलक्या हातानं. मिसळू नयेत म्हणून ती लाखेत कुंकू कालवून कडक काडतुसांच्या बुडाला टिकली लावी आणि नरम काडतुसांना हळदीची. स्वतःच्या कपाळाला लावता येत नसलेलं कुंकू ती काडतुसांना फार निगुतीनं लावायची, अगदी गोल. दोन्ही प्रकार एकाच पितळी पानाच्या डब्यात, दोन कप्प्यांत असत.

एका वर्षी देशमुखांनी आपल्या बंदुकीचा मान राखायचं ठरवलं. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या ओढ्यात नेहमीसारखी परीक्षा होती. पळसाचा ओंडका उभा करायचा, दोन्ही रायफलींनी एकेक गोळी मारायची आणि गोळी किती आत गेली ते आत्या विणकामाच्या सुईनं मोजणार. आत्याची पाठ वळल्याबरोबर देशमुखांनी डब्यातलं कुंकवाचं काडतूस उचललं आणि आपल्या रायफलीत घातलं. आवाज झाला तो नेहमीचा नव्हता. ओढ्यातल्या टिटव्या ओरडत उठल्या. देशमुख उभे होते, रुमाल खाली पडला होता, आणि बंदुकीचा दांडा काही केल्या उघडत नव्हता. शेवटी धुणं धुणाऱ्या बाईची मोगरी आणून हळूहळू ठोकून तो मोकळा केला. टरफल निघालं ते फुगून बसलेलं, बुडाची टोपी नाण्यासारखी सपाट झालेली.

आत्यानं ते टरफल हातात घेतलं आणि बोटानं चाचपलं. "डोळा गेला असता," ती एवढंच म्हणाली.

"पन गेला न्हाई ना?" देशमुख म्हणाले. पडलेला रुमाल त्यांनी उचलला तो उलटाच बांधला. "टिकली का न्हाई माही बंदूक?"

त्या मुक्कामात आत्या त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण बोलली नाही. ते निघाले तेव्हा हळदीची काडतुसं मोजून दिली आणि म्हणाली, "या वर्षापासून डबा माह्यापाशीच राहीन. लागंल तेवढी घेऊन जात जा."

मग ते दिवस आले, जेव्हा लोक दिवसा दारं लावून बसत आणि कुठल्या गावाकडून धूर दिसतो ते माळवदावरून पाहत. त्यानंतर पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. नव्या अंमलात हुकूम निघाला की ज्याच्याकडे जे हत्यार असेल ते कचेरीत आणून जमा करावं. आत्या रायफल आणि पानाचा डबा घेऊन स्वतः गेली. मी बरोबर होतो. बंदुकांच्या ढिगाशेजारी एक मुन्शी बसला होता.

"बाई, ये हथियार किसका है?" त्यानं विचारलं.

"माहा हाय. आन् तिले त्या ढिगात टाकू नका. वजनानं अडसर वाकतीन."

देशमुखांचीही रायफल तिथेच आली होती. आत्यानं ती ओळखली, उचलून आपल्या रायफलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवली, आणि मुन्शीला दम भरला की या दोघींना वेगळं करायचं नाही.

हत्यारं परत मिळायला फार दिवस गेले. आत्या अधूनमधून कचेरीत खेपा घालायची आणि येऊन सांगायची, "आधी उर्दूत न्हाई म्हनत, आता इंग्रजीत न्हाई म्हनून राह्यले." तेवढ्यात माझी बदली उटनूरला झाली. बायकोला घेऊन मी तिकडे गेलो, आणि आत्याकडे सुट्टीपुरताच येऊ लागलो. शेवटी परवाने तपासून बंदुका परत द्यायला सुरुवात झाली तेव्हा दिवाळीची सुट्टी होती. देशमुखही आले होते. आम्ही तिघं कचेरीत गेलो. पहाऱ्यावरच्या शिपायानं दोन्ही रायफली दिल्या, तेल लावून ठेवलेल्या. मग मोठ्या अभिमानानं त्यानं पानाचा डबा पुढे केला.

"अम्मा, देखो कैसे चमकाके रखा. सब काले पड गये थे. इमली लगाके घिसा मैं खुद. कुछ फिकर नक्को."

आत्यानं डबा उघडला. आत देवघरातल्या उपकरणांसारखी लखलखीत काडतुसं होती. कुंकू नाही, हळद नाही. घासून झाल्यावर दोन्ही कप्प्यांत सारखी भरून ठेवलेली. शिपाई बिचारा शाबासकीची वाट पाहत उभा होता. आत्या त्याला "लेकरा, हात दुखले असतीन तुहे," म्हणाली आणि डबा बंद केला.

घरी आल्यावर देशमुखांनी लगेच विषय काढला. डुकरांनी अर्धी ज्वारी लोळवली होती. बिनधुराची दारू आता हैदराबादेतही मिळत नव्हती. होतं ते एवढंच.

"वैनी, माह्या वाटची द्या."

"तुमची कोनती आन् माही कोनती, कशी सांगू? सगळी एकावानी दिसून राह्यली."

मी मध्ये बोललो. गोळ्या हातानं ओतलेल्या, वजनात मागंपुढं. त्यामुळे बाहेरून तोलून काही कळणार नव्हतं हे मलाही ठाऊक होतं. पण एकेक काडतूस उघडून आतली दारू तोलली तर कळलं असतं. तराजू घरात होता.

"मास्तर, मले शिकवू नको," आत्या इतक्या तुटकपणे म्हणाली की मी गप्प बसलो. मग ती देशमुखांकडे वळली. "भाऊजी, तुमी माही बंदूक घेऊन जा. तिले दोन्ही चालते. तुमची ठेवा माह्यापाशी. आपली अदलाबदल."

चांगला तोडगा होता. आता विचार करतो तेव्हा वाटतं, याहून मोठी गोष्ट ती देऊच शकत नव्हती. पण देशमुखांना तो अपमान वाटला. वडिलांची बंदूक कमजोर म्हणून दुसऱ्याच्या घरी ठेवायची आणि बाईमाणसाची बंदूक खांद्यावर टाकून गावात शिरायचं?

"माह्या बापाची बंदूक मी गहान टाकू का?" ते उभे राहिले. "तुमाले काडतुसं द्याची न्हाई हे सरळ सांगा ना. राज्य बदललं, तसं मानूस बी बदलते, काऊन न्हाई बदलनार?"

"देनार न्हाई," आत्या म्हणाली. "एकबी देनार न्हाई. जा तुमी."

देशमुख गेले. पुढच्या वर्षी हुरडा आला तेव्हा आले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. मग राज्यांची फेररचना झाली. किनवट मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात राहिलो. आमच्या कचेरीत आता तेलुगूत नाही म्हणू लागले. किनवटकडचा कुणी बाजारात भेटला की आत्या त्याला सगळ्या गावाची खुशाली विचारायची, पिकाचं, पावसाचं, देवळाच्या कळसाचं. देशमुखांचं तेवढं विचारायची नाही. भेटणारेही हुशार, ते आपण होऊन सांगायचे आणि आत्या ऐकू न आल्यासारखं करायची.

माझी बदली पुन्हा आदिलाबादला झाली, तेव्हा आम्ही दोघं तिच्या घरी आलो. भातात खडे लागू लागले. आत्या दुकानदाराला शिव्या द्यायची. माझ्या बायकोनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्याबाई सुईत दोरा ओवत नाहीत. ओवल्यासारखं करतात. त्यांना दिसत नाही."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि तो आजचा नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" तेव्हा आत्या बराच वेळ पदराचं टोक दुमडत बसली. मग म्हणाली, "बंदुका जमा होत्या ना कचेरीत, तवापासून. तराजूचा काटा दोन दोन दिसे."

मला तेव्हा कळलं की दिवाळीच्या त्या दिवशी तिनं डबा उघडला तेव्हा त्यात तिला नुसता पिवळा उजेड दिसला असेल. आणि ज्या माणसानं आयुष्यभर तिच्या तराजूला आव्हान दिलं, त्याच्यासमोर आपल्याला काटा दिसत नाही हे सांगणं तिला जमलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लागला. पट्टी सुटल्यावर तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "मास्तर, तू येवढा जाडा कवा झाला?" आदिलाबादला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं चूल विझवायला सांगितली. दिवसभर बसून एकेक काडतूस उघडलं, दारू तोलली, पुन्हा भरलं. संध्याकाळी तिच्या डाव्या हाताला कडक काडतुसं होती, उजव्या हाताला नरम. ती बराच वेळ नुसती पाहत बसली. मग म्हणाली, "किनवटले जाच्चं हाय."

काडतुसं बरोबर नेता येणार नव्हती. दोन राज्यांचे परवाने लागले असते, आणि ते येईपर्यंत आमच्यातलं कुणीच उरलं नसतं. ती लिंबाचं लोणचं घेऊन निघाली, बरोबर मी.

देशमुख ओसरीवर बसले होते. वाळले होते. आत्याला पाहून उठले, आणि रुमाल शोधू लागले. डोक्यावर रुमाल नसताना वहिनीसमोर कसं बसायचं, या विचारानं ते इतके गोंधळले की त्यांच्या सूनबाईंनी येऊन तो हातात दिला. मग दोघांनी पाऊसपाण्याचं बोलून घेतलं. शेवटी आत्यानंच तोंड उघडलं.

"भाऊजी, ती काडतुसं तोलली मी. निघाली तुमची येगळी. तवा तोलता आली न्हाई. दिसत न्हवतं मले."

देशमुख तिच्या चष्म्याकडे पाहत राहिले. "मंग सांगाचं ना, वैनी. मी तोललं असतं. तुमी नुसतं बसून सांगतलं असतं."

"तुमाले तोलता येते का?"

"न्हाई येत," देशमुखांनी कबूल केलं. "पन बसलो असतो ना दोघं."

 आतून जात्याचा आवाज येत होता. मग देशमुख खाली पाहत म्हणाले, "माही बंदूक न्हाई आता. नव्या राज्याचा नवा परवाना पाहिजे म्हने. मी गेलोच न्हाई. टाकली जमा करून." आणि जरा थांबून, "तुमी बोल्ल्या ते खरं होतं, वैनी. ओढ्यात ते काडतूस मारलं ना, त्याच वर्षी लोहाराले दाखवली होती. सांध्याच्या खिळ्याले वाक आल्ता. त्यानं सांगतलं होतं, पुन्हा असं केलं तर तोंडावर फुटन."

"मंग माईत होतं तुमाले?" आत्या म्हणाली. "मंग काऊन भांडले तुमी माह्यासंगं?"

देशमुखांनी लोणच्याची बरणी उचलून आत दिली. आत्यानं पुन्हा विचारलं नाही. सूनबाईंनी जेवायला वाढलं. दोघं जुन्या माणसांविषयी बोलले, आत्याच्या यजमानांविषयी, उटनूरच्या त्या घराविषयी, तिथल्या विहिरीच्या पाण्याविषयी. बंदुकीविषयी मात्र एक शब्द नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती दोघं वाद न घालता जेवली, आणि मला ते फार अवघड वाटलं. मनात आलं, यांतल्या कुणीतरी काहीतरी खुसपट काढावं, आवाज चढवावा. पण दोघंही एकमेकांना भात वाढायचा आग्रह करत राहिले.

देशमुख स्टेशनापर्यंत आले. गाडी दिसू लागली तेव्हा आत्या म्हणाली, "तिकडं येत जा. तुमाले आमच्या राज्यात याले काही लागते का आता, परवाना गिरवाना?"

"न्हाई, वैनी. काहीच लागत न्हाई."

गाडी हलली. आत्या खिडकीशी बसली होती. नव्या चष्म्यातून ती बाहेरचं सगळं पाहत होती. कापसाच्या पऱ्हाटीची शेतं, सागाची झाडं, रुळाच्या कडेनं मोळ्या घेऊन चाललेल्या बाया. प्रत्येक स्टेशनाची पाटी तिनं मोठ्यानं वाचली, लहान पोरासारखी अक्षर अक्षर लावून. मध्येच कुठेतरी सरहद्द गेली असणार. आम्हाला कळलं नाही. मग आदिलाबाद आलं. माणसं उतरायला लागली, मी पिशवी काढली, तरी ती जागची हलली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "आलं?"

"आलं, आत्या."

"येवढंच दूर होतं काय रे?"